दोन तारांची ओढ

प्रतापनगरात वाढलेल्या आम्हा मंडळींना विमानांचे वेड लहानपणापासूनचे. सोनेगावचा विमानतळ जवळच. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत जात. शाळेत एनसीसीच्या हवाई शाखेत दाखल झाल्यावर विमान आमच्याही हाती आले; मात्र ते दोन तारांच्या टोकाला बांधलेले होते.

याला कंट्रोल लाइन मॉडेल म्हणतात. उडवणारा मध्यभागी उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती फिरते. हातातली मूठ कलती केली की एक तार ओढली जाते, दुसरी सैल सुटते. विमानातील बेलक्रँक नावाची छोटी तरफ त्यामुळे फिरते आणि शेपटीची पट्टी वरखाली होते. सारे नियंत्रण तारा ताठ असण्यावर अवलंबून! शाळेच्या मैदानातही हे विमान उडवता येते, हा त्याचा मोठा फायदा.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील ओबा सेंट क्लेअर यांनी १९३७ च्या सुमारास असे विमान उडवले. त्याच राज्यातील जिम वॉकर यांनी १९४० मध्ये ‘फायरबॉल’ हे मॉडेल बाजारात आणले आणि या पद्धतीचे पेटंटही मिळवले. १९५५ मध्ये ते पेटंट न्यायालयात टिकले नाही, कारण सेंट क्लेअर यांचे आधीचे विमान पुरावा म्हणून पुढे आले.

त्या काळची इंजिने मोठी असत. विल्यम ब्राउन यांचे प्रसिद्ध इंजिन सुमारे १० सीसीचे होते. ठिणगीसाठी बॅटरी, कॉइल आणि कंडेन्सर हे ओझेही विमानालाच वाहावे लागे. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘डायनो’ हे २ सीसीचे डिझेल इंजिन निघाले. त्यात ठिणगीच नको. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. मॉडेलच्या या डिझेलमध्ये रॉकेल, ईथर आणि आपले एरंडेल असते. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग आला आणि बॅटरी जमिनीवरच राहिली. ओझे उतरल्यामुळे लहान इंजिनांवर विमाने उडू लागली. एकाच सांगाड्यावर कोणते इंजिन बसवावे, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक हौशी माणसापुढे आहे.

आम्ही तो प्रश्न विचारलाच नाही. दीड सीसीच्या जागी अडीच सीसीचे इंजिन बसवले. नाक जड झाले म्हणून शेपटीत शिसे भरले. तिसऱ्या फेरीत बेलक्रँकचा स्क्रू लाकडासह उपटून आला आणि विमान स्पर्शरेषेत सुटून कुंपणापलीकडे गेले. सुदैवाने तेथे कोणी नव्हते.

हिशेब पुढे कॉलेजात उमगला. तारांवरील ओढ म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. त्रिज्या १५ मीटर धरू. ५०० ग्रॅमचे विमान सेकंदाला २० मीटर वेगाने फिरत असेल, तर ओढ सुमारे १३ न्यूटन. वजन ६५० ग्रॅम आणि वेग ३० मीटर झाला, तर ओढ ३९ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४ किलो वजनाइतकी. वेग दीडपट, वजन सव्वापटीच्या आसपास. ओढ मात्र तिप्पट!

मग लहान इंजिन सुरक्षित का? तसेही नाही. विमान बरोबर डोक्यावर असते तेव्हा त्याचे वजन तारांच्या ओढीविरुद्ध काम करते. तारा ताठ राहण्यासाठी वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे उत्तर गुरुत्वत्वरणापेक्षा जास्त हवे. १५ मीटर त्रिज्येला हा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर येतो. या हिशेबात वस्तुमान दोन्ही बाजूंनी गळून जाते, त्यामुळे विमान हलके करूनही ही मर्यादा बदलत नाही. वेग याहून कमी पडला की तारा सैल होतात आणि विमान उडवणाऱ्याच्याच डोक्यावर कोसळते.

म्हणून इंजिन बदलले की गुरुत्वमध्य, बेलक्रँकची बैठक, तारांची जाडी आणि लांबी, सारे पुन्हा तपासावे. स्पर्धांमध्येही उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या अनेक पट जोर लावून तारा ओढून पाहतात. विजेच्या तारांजवळ तर हे विमान कधीच उडवू नये.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर करावे. मॉडेलच्या दहा फेऱ्यांची वेळ घड्याळावर मोजायला सांगावी, त्यावरून वेग आणि वेगावरून ओढ काढायला लावावी. आता पुष्कळ मॉडेलांवर विजेच्या मोटारी असतात आणि सीसीऐवजी वॉट मोजतात, पण सूत्र तेच आहे. आम्हाला ते स्क्रू उपटल्यावर कळले. विद्यार्थ्यांना ते फळ्यावरच कळलेले बरे.