स्पोर्ट्स कारचा नित्यप्रवास

मोटारगाडीच्या इतिहासात स्पोर्ट्स कार ही बहुधा घरातली दुसरी गाडी मानली गेली. दोन आसने, बुटकी बांधणी, हलके वजन आणि चपळ स्टिअरिंग यांना प्राधान्य देणारी आणि सामान, पाऊस, थंडी यांचा फारसा विचार न करणारी ही गाडी सुटीच्या दिवशी बाहेर काढावी व एरवी झाकून ठेवावी, असा संकेत श्रीमंत देशांतही रूढ होता. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत अशाच गाडीने रोज कामावर जाण्याची आणि एकाच गाडीवर लाखो मैल काढण्याची एक निराळी रीत वाढीस लागली. ही रीत शर्यतीच्या मैदानात कमावलेल्या गुणांनी फारशी पोसली नाही. साध्या कौटुंबिक गाडीकडून उसने घेतलेले इंजिन, गंजाला आवर घालणारे पत्राकाम आणि वेळच्या वेळी होणारी देखभाल यांचा तिला अधिक हातभार लागला.

युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनला डॉलरची निकड होती आणि निर्यातीच्या त्या धडपडीत अ‍ॅबिंग्डन येथील एमजी कारखान्याची टीसी ही छोटी उघडी गाडी अमेरिकेत पोहोचली. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० टीसी तयार झाल्या आणि त्यांतील जेमतेम २,००० अमेरिकेत गेल्या. पण तिथल्या तरुण वर्गाला दोन आसनी गाडीची गोडी लावण्याचे श्रेय बहुतांशी तिलाच दिले जाते. रोजच्या वापराला मात्र ती अगदीच गैरसोयीची होती. तिचे स्टिअरिंग अमेरिकेतही उजव्याच बाजूला असे, पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा होता, खिडक्यांना काचेऐवजी काढघाल करण्याचे पडदे होते, आणि दोन कार्बोरेटर, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारी साधने, एकमेकांशी जुळवून ठेवण्याचे काम मालकाच्या मागे कायम लागलेले असे. अशा गाडीने रोज कामावर जाणारा माणूस एक तर निस्सीम प्रेमी असे किंवा हट्टी.

१९५५ साली आलेल्या एमजीएमध्ये टीसीपेक्षा आधुनिक इंजिन होते, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या साध्या सेडान गाड्यांतही वापरले जाणारे १,४८९ घनसेंटिमीटरचे बी-सीरिज इंजिन. त्याच घराण्यातले आणि त्याच मापाचे इंजिन पुढे हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसले आणि भारतातल्या सरकारी कचेऱ्यांच्या दारात दशकानुदशके उभे राहिले. मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणाऱ्या आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने टॅक्सी म्हणून गाजलेल्या फियाट ११०० चेही इटलीत ट्रास्फॉर्माबिले नावाचे एक दोन आसनी उघडे भावंड होतेच. स्पोर्ट्स कार आणि टॅक्सी यांची अशी सोयरीक ऐकायला विचित्र वाटली, तरी दीर्घायुषी स्पोर्ट्स कारची वंशावळ शोधू गेल्यास ती वारंवार भेटते.

या वंशावळीतले सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे स्वीडनच्या व्होल्वो कंपनीची पी१८००. पेले पेटरसन यांनी रेखाटलेली ही देखणी कूपे, म्हणजे दोन दारांची बंद गाडी, १९६१ पासून बाजारात आली. आरंभी तिची जुळणी इंग्लंडमधील जेन्सन या कारखान्याकडे सोपवली होती. परंतु कामाच्या दर्जावरून कुरबुरी वाढल्या आणि सुमारे ६,००० गाड्यांनंतर १९६३ मध्ये व्होल्वोने ते काम गोटेनबर्गला आपल्याच छताखाली आणले. ‘द सेंट’ या दूरचित्रवाणी मालिकेत रॉजर मूर यांनी ती चालवल्यामुळे तिला वलय लाभले, मात्र त्या देखण्या पत्र्याखालची यंत्रणा कंपनीच्याच अ‍ॅमेझॉन या सोज्वळ कौटुंबिक गाडीच्या घरातली होती. तिच्या चार सिलिंडरच्या बी१८ इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली गतीचे फिरत्या गतीत रूपांतर करणारा दांडा, पाच बेअरिंगांवर पेललेला होता, तर त्या काळच्या अनेक चार सिलिंडरच्या इंजिनांत तो तीनांवरच पेललेला असे. आधार जास्त असल्याने दांडा कमी लवतो, आणि तो कमी लवला की बेअरिंगांची झीजही कमी होते.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानशिक्षक अर्व गॉर्डन यांनी जून १९६६ मध्ये अशी एक लाल पी१८००एस ४,१५० डॉलरना विकत घेतली. त्यांचे रोजचे जाणे-येणे सुमारे १२५ मैलांचे, म्हणजे २०० किलोमीटरचे होते. १९८७ मध्ये गाडीने १० लाख मैल पूर्ण केले, २००२ मध्ये २० लाख, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कातील रस्त्यावर ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाखांहून अधिक किलोमीटर. सत्तेचाळीस वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला एक लाख किलोमीटरच्या आसपास जाते. गिनीजच्या नोंदीत एकाच मालकाने बिगरव्यावसायिक गाडीवर काढलेले सर्वाधिक अंतर म्हणून ही गाडी १९९८ मध्येच दाखल झाली होती. इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची वेळ प्रथम आली ती ६,८०,००० मैलांनंतर. यामागे कोणतीही गुप्त युक्ती नव्हती: निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेल आणि सुटे भाग बदलत राहणे, एवढाच गॉर्डन यांचा नेम होता.

लांबच्या महामार्गी प्रवासाचा यात मोठा वाटा आहे. इंजिनाची बरीचशी झीज थंड अवस्थेत ते सुरू करताना होते, कारण त्या क्षणी तेल सर्व भागांपर्यंत पोहोचलेले नसते. पुढे तासभर एका गतीने धावताना तेल तापते, त्यात साचलेली ओल उडून जाते, आणि क्लच व ब्रेक यांना जवळजवळ काम उरत नाही. उलट महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत रबरी सील आखडतात, ब्रेकच्या द्रवात पाणी मुरते आणि पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो. जपून ठेवलेली गाडी टिकते हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले आणि लांबवरच्या उपनगरातून रोज कामावर जाणे ही सामान्य गोष्ट झाली. लाखो मैलांची गाडी याच भूगोलाचे अपत्य आहे.

इंजिन टिकले तरी पत्रा टिकेलच असे नव्हते. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ गाड्या पोखरत असे. निस्सानच्या अमेरिकेतील व्यवसायाचे सूत्रधार युताका कातायामा यांच्या आग्रहातून साकारलेली डॅटसन २४०झेड १९६९ मध्ये आली, तेव्हा सेडानच्या इंजिनाशी नाते सांगणारे तिचे सहा सिलिंडरचे इंजिन भरवशाचे ठरले, पण शरीर लवकर गंजले. पोर्शेने ९११ या गाडीसाठी १९७६ च्या आवृत्तीपासून वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला पत्रा वापरून गंजाविरुद्ध ६ वर्षांची हमी दिली. नेमक्या त्याच काळातील तिच्या २.७ लिटर इंजिनाचे मॅग्नेशियमचे कवच उष्णतेने त्रास देई. १९७८ च्या ९११ एससीमध्ये ते अ‍ॅल्युमिनियमचे झाले आणि मगच ९११ ला बारमाही गाडीची ख्याती खऱ्या अर्थाने शोभू लागली.

होंडाने १९९० मध्ये एनएसएक्स आणून बारमाही वापराचा हाच विचार अतिवेगवान वर्गापर्यंत नेला. मधोमध इंजिन असलेल्या काही इटालियन गाड्यांत टायमिंग बेल्ट बदलण्यासाठीही इंजिन खाली उतरवावे लागे. एनएसएक्समध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या शरीराबरोबर चहूबाजूंनी मोकळी दृष्टी, नीट चालणारे वातानुकूलन आणि होंडाच्या छोट्या गाड्यांइतकीच नियमित देखभाल मिळाली. मॅकलारेन एफ१ चे रचनाकार गॉर्डन मरे यांनी आपल्या कामासाठी आदर्श म्हणून हीच गाडी समोर ठेवली होती. पण ती महाग होती आणि पुढे संग्राहकांच्या हाती गेली, जिथे ओडोमीटरवरचा, म्हणजे एकूण अंतर दाखवणाऱ्या यंत्रावरचा, आकडा जितका लहान तितकी किंमत मोठी. या हिशेबामुळे चांगल्या अवस्थेतली कितीतरी एनएसएक्स आता रस्त्यावर दिसतच नाहीत.

रोजच्या स्पोर्ट्स कारची जागा अखेर माझदाच्या एमएक्स-५ ने घेतली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडलेल्या या दोन आसनी उघड्या गाडीत ३२३ या साध्या कौटुंबिक गाडीच्या घराण्यातलेच १.६ लिटरचे इंजिन होते, आणि २०१६ मध्ये तिची दहा लाखावी प्रत कारखान्याबाहेर पडली.