साक्रीचा भाडेकरू आणि साठीचा उंबरठा: सरकारी मदतीत घरभाडे का नाही?

१/ साक्रीच्या तहसील कचेरीत निराधार अनुदानासाठी अर्ज केला, की वय, उत्पन्न आणि रहिवास यांचे दाखले तपासले जातात. अर्जदार स्वतःच्या घरात राहतो की भाड्याच्या खोलीत, याने अनुदानाच्या रकमेत फरक पडत नाही. साठीकडे झुकलेल्या गरीब भाडेकरूला राज्याने आजवर काय दिले आणि काय दिले नाही, त्याचा हा इतिहास.

२/ साक्री हे कान नदीच्या काठचे, धुळे–सुरत रस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण. अशा गावात कचेरी, न्यायालय, शाळा, बाजार यांच्यामागोमाग दोन प्रकारचे भाडेकरू येतात. एक बदलीवर आलेला सरकारी नोकर, दुसरे हमाली, मजुरी किंवा धुणीभांडी करून जगणारे कुटुंब. पहिल्याच्या पगारपत्रकात ‘घरभाडे भत्ता’ असा स्वतंत्र रकाना असतो. दुसऱ्यासाठी असा रकाना कोणत्याही योजनेत निर्माण झाला नाही.

३/ भाड्याच्या प्रश्नात सरकारने प्रथम हात घातला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात ग्लासगोमध्ये घरमालकांनी भाडी वाढवली. १९१५ मध्ये मेरी बार्बर आणि इतर कामगार स्त्रियांच्या पुढाकाराने तेथे भाडेबंदीचे आंदोलन झाले आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. पाठोपाठ १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातही युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा आला.

४/ दुसऱ्या महायुद्धात तीच स्थिती पुन्हा उद्भवली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे ‘प्रमाण भाडे’ मानले. या रचनेत भाडेकरूला दिलासा मिळाला, पण त्याचा भार सरकारी तिजोरीवर न पडता घरमालकावर पडला. भाडे पन्नास वर्षे जवळजवळ तेथेच थांबले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या या तरतुदी कालबाह्य आणि अवाजवी ठरवल्या. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घरमालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली.

५/ हे संरक्षण मुख्यतः मोठ्या शहरांतील जुन्या भाडेकरूंच्या कामी आले. कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या भागांपुरता होता. शिवाय संरक्षण मागायचे, तर भाडेकरूपण सिद्ध करावे लागते. १९९९ च्या कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे बंधन घातले आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. तालुक्याच्या गावात मात्र खोली बहुधा शब्दावर दिली जाते आणि शब्दावरच रिकामी करून घेतली जाते. ना पावती, ना करारनामा. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला कायद्याचे दार ठोठावता येत नाही.

६/ दुसरा प्रवाह वृद्धांना रोख मदत देण्याचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ ने वार्धक्य, आजारपण आणि बेकारी यांत सार्वजनिक साहाय्य देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पुस्तीही जोडली. १९५७ मध्ये उत्तर प्रदेशाने वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्रात १९८० मध्ये, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. गावोगावी तिला नुसते ‘निराधार’ म्हणतात. ‘माझं निराधार सुरू झालं’ या वाक्याचा अर्थ खेड्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

७/ या योजनेत ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, अनाथ अशा व्यक्ती येतात. ६५ पूर्ण झालेल्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा वृद्धांसाठी केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये झाला. २०११ मध्ये केंद्राने वयाची अट ६५ वरून ६० वर आणली, पण महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेची अट ६५ चीच राहिली. ८० वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा २०० रुपयांचा वाटाही पुढे वाढला नाही.

८/ वाढ झाली ती राज्याच्या हिश्शात. अनुदान २०१९ मध्ये ६०० वरून १००० रुपये आणि २०२३ मध्ये १५०० रुपये झाले. पात्रतेसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा मात्र दीर्घकाळ वर्षाला २१००० रुपये होती, म्हणजे महिन्याला १७५०. समजा खोलीचे भाडे १००० रुपये आहे. मग १५०० च्या अनुदानातून धान्य, औषध आणि वीजबिल यांसाठी उरतात ५०० रुपये. शेजारच्या स्वतःच्या घरात राहणाऱ्या वृद्धाकडे मात्र पूर्ण १५०० राहतात. कागदावर दोघांना समान मदत मिळते, प्रत्यक्षात एकाला दुसऱ्याच्या तिप्पट.

९/ सर्वांत मोठी पोकळी ६५ च्या अलीकडे आहे. राज्याचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजनाही ५८ हेच वय मानते. तालुक्यातील भाडणे येथील पांझरा-कान सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी राबलेल्या कामगारांना आधार असतो तो याच योजनेचा. तिचे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १००० रुपये आहे. ज्याचा निधी कधी कापलाच गेला नाही, त्या हमालाला किंवा शेतमजुराला तेही नाही.

१०/ पुढे असंघटित कामगारांसाठी अटल पेन्शन योजना (२०१५) आणि श्रमयोगी मानधन योजना (२०१९) आल्या. दोन्हींत प्रवेशाचे वय १८ ते ४०. योजना आली तेव्हा पंचावन्न वर्षांचा असलेला मजूर पहिल्याच दिवशी बाहेर राहिला. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेने ६५ पर्यंतच्या महिलांना दरमहा १५०० रुपये दिले, त्यामुळे स्त्रियांपुरती ही पोकळी काहीशी भरली. साठीचा, धडधाकट समजला जाणारा, पण ओझे उचलू न शकणारा पुरुष भाडेकरू अजून तिथेच उभा आहे.

११/ तिसरा प्रवाह घरकुलांचा. त्याचे गणित जागेपासून सुरू होते. ज्याच्या नावे जागा आहे, त्याला बांधकामासाठी पैसे मिळतात. जागा नसलेल्या ग्रामीण लाभार्थ्यांसाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागाखरेदीला आधी ५०००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले होते. तालुक्याच्या ठिकाणी, रस्त्यालगत, एवढ्या पैशांत जागा मिळणे कठीण होते. आणि घर मिळेपर्यंतच्या महिन्यांचे भाडे कोणी द्यायचे, हा प्रश्न कोणत्याच योजनेने विचारला नाही.

१२/ खानदेशाला हा प्रश्न आणखी एका कारणाने बोचतो. साक्री, नंदुरबार, शिरपूर या भागांतील असंख्य कुटुंबे पोटासाठी सुरतेला गेली. तिथल्या यंत्रमागांवर आणि कापडबाजारात उमेदीची वर्षे भाड्याच्या खोलीत गेली. हातपाय थकल्यावर माणूस गावी परततो, तेव्हा वाटणीत घर उरलेले नसते. पुन्हा भाड्याची खोली शोधावी लागते. निराधार अनुदानासाठी तर महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याने आयुष्य सुरतेत काढले आणि साक्रीत ज्याच्याकडे भाडेपावतीही नाही, त्याने तो दाखवायचा कसा?

१३/ इतर काही देशांनी भाड्याचा हिशेब वेगळा मांडला. ब्रिटनमध्ये १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यानंतर गरजूची मदत ठरवताना उदरनिर्वाहाच्या रकमेत भाडे वेगळे मिळवले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियाने १९५८ मध्ये भाडे भरणाऱ्या एकाकी निवृत्तिवेतनधारकांना पूरक रक्कम सुरू केली, तिचेच पुढे भाडेसाहाय्यात रूपांतर झाले. यावर एक आक्षेप जुना आहे आणि तो खोटाही नाही: सरकार भाडे देऊ लागले, की घरमालक भाडे वाढवतात. म्हणूनच अशा मदतीला कमाल मर्यादा आणि भाड्याचा पुरावा यांची जोड द्यावी लागली.

१४/ आपल्याकडे भाडेनियंत्रणाने घरमालकाकडे, अनुदानाने वयाकडे आणि घरकुलाने जागेकडे पाहिले. ज्याच्याकडे करारनामा नाही, पासष्टी नाही आणि सातबाराही नाही, असा माणूस तिन्हींच्या नजरेतून निसटला. अवघड वाटणारा रकाना सरकारला अपरिचित नाही. साक्रीच्या तलाठ्याच्या आणि शिक्षकाच्या पगारपत्रकात तो दर महिन्याला भरला जातो. तोच रकाना निराधाराच्या अर्जात कधी येणार, एवढाच प्रश्न उरतो.