सायकलीचे ओझे : मागचे आणि पुढचे

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची आणि फडताळातली जुनी दप्तरे त्यांनी गोळा केली. इतिहास अडगळीतही सापडतो, हे आम्ही शिक्षक मंडळी त्यांचेच उदाहरण देऊन मुलांना सांगत असू. तोच धागा धरून आज एका अडगळीतल्या वस्तूबद्दल लिहितो आहे. ती वस्तू म्हणजे सायकलीचे कॅरिअर, आणि त्यातही पुढचे कॅरिअर!

आता तुम्ही म्हणाल, सायकलीला कॅरिअर असते ते मागे. पुढे कुठे असते? नेमका हाच प्रश्न आहे. आपल्या काळ्या सायकलीला ते पुढे का नव्हते?

दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी आजच्या घडणीची सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ च्या सुमारास बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला आणि सायकल खऱ्या अर्थाने रस्त्यावर धावू लागली. तिकडच्या खाटकांनी, पाववाल्यांनी आणि वाण्यांनी घरपोच माल देण्यासाठी तिचे एक वेगळे रूप घडवून घेतले. पुढचे चाक लहान आणि त्याच्यावर मोठी टोपली. गंमत अशी की ती टोपली हँडलला बांधलेली नसे, सायकलीच्या सांगाड्यालाच पक्की केलेली असे. हँडल वळले तरी टोपली सरळच राही.

पॅरिसमध्ये वर्तमानपत्रे वाटणाऱ्यांनी दुसरी तऱ्हा काढली. त्यांचे सपाट, रुंद कॅरिअर पुढच्या चिमट्यावर बसवलेले असे. चाकाबरोबर ओझेही वळे, त्यामुळे हँडल जड होई. पण गठ्ठा सतत डोळ्यांसमोर आणि हाताशी राही. या लोकांच्या शर्यतीसुद्धा होत. पुढे १५ किलो कागद लादून सुसाट जायचे!

आपल्याकडे आली ती या दोन्हींपैकी कुठलीच नव्हे. आली ती ऑफिसात जाणाऱ्या साहेबाची सायकल. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स ही नावे जुन्या लोकांना आठवत असतील. स्वातंत्र्यानंतर कारखाने इथे निघाले. मद्रासला टीआय १९४९ मध्ये, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हिरो १९५६ मध्ये. नावे देशी झाली, पण साचा तोच राहिला. अठ्ठावीस इंची चाके, सळईचे ब्रेक, मागे कॅरिअर आणि मागच्याच चाकाला स्टँड.

या साच्यात पुढे ओझ्याला जागाच नव्हती. एकदा नीट पाहा म्हणजे कळेल. पुढच्या ब्रेकची सळई हँडलपासून सरळ खाली चाकाकडे उतरते. कॅरिअर बसवायचे म्हटले की ते नेमके तिथेच अडते. त्याच जागी दिवा. टोपली भरली की दिवा झाकला, आणि अंधारात दिव्याविना निघाले की पोलिसाची शिट्टी ठरलेली. तिसरी अडचण स्टँडची. मागचे चाक उभे राहते, पण पुढे वजन असले की हँडल गर्रकन फिरते आणि सायकल मालासकट आडवी होते.

मग आमच्या खानदेशी माणसाने काय केले? कंपनीची वाट पाहिली नाही. धुळ्याच्या सरळ, नंबरांच्या गल्ल्यांतून दूधवाला फिरे. त्याच्या मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोहाराकडून करून घेतलेले आकडे असत आणि त्यांत किटल्या लटकत. जळगावच्या बाजाराकडे येणाऱ्या सायकलींवर गवताचे भारे, भाजीची पोती, केळीच्या टोपल्या, सगळे मागेच. पुढे काय असे? हँडलला जेवणाचा डबा आणि कापडी पिशवी. दांडीवर लहान मुलाची छोटी सीट. पोस्टमनची पत्रांची थैली. मुंबईचे डबेवालेसुद्धा हँडलच्या दोन्ही अंगांना डबे अडकवतातच की.

यात मला एक शहाणपण दिसते. जे नुसते जड आहे ते मागे, आणि ज्याच्यावर नजर हवी ते पुढे. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण लेकराला मागे आणि गवताला पुढे बसवणारा बाप मी तरी पाहिला नाही.

पुढच्या बाजूला हक्काची जागा मिळाली ती फार उशिरा. सळईच्या जागी तारेचे ब्रेक आले, आडवी दांडी नसलेल्या लेडीज सायकली गावोगाव पोहोचल्या आणि त्यांच्या हँडलपुढे जाळीची टोपली दिसू लागली. ती बसवण्यात एक मेख आहे. नुसत्या हँडलला अडकवलेली टोपली डुलते, हळूहळू खाली झुकते आणि शेवटी मडगार्डवर घासते. म्हणून जाणता मिस्त्री खालून आधार देतो. पुढच्या चाकाचे नट सैल करून दोन लोखंडी पट्ट्यांची भोके एक्सलमध्ये घालायची, वायसर टाकून नट आवळायचे आणि पट्ट्यांची वरची टोके टोपलीच्या बुडाला जोडायची. चाक चिमट्याच्या मधोमध आहे ना ते बघायचे. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची तार ताणली जात नाही याची खात्री करायची. आता वजन हँडलवर न लटकता चिमट्यावर आणि एक्सलवर जाते.

काम अर्ध्या तासाचे. पण त्या टोपलीत काय गेले? मुलींचे दप्तर!

ज्यांनी खेड्यातल्या शाळेत नोकरी केली आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. गावातली शाळा सातवीला संपे आणि पुढची शाळा तीन-चार किलोमीटरवर. मुलगा कुणाच्याही कॅरिअरवर बसून जाई. मुलीचे नाव मात्र आठवीच्या हजेरीपटावर येतच नसे. बापाला विचारले तर फीचे कारण क्वचितच येई. "गुरुजी, एकटी कशी जाईल?" एवढेच उत्तर असे. पाच मुली पाच सायकलींवर बरोबर निघाल्या की त्या प्रश्नातला 'एकटी' हा शब्दच गळून पडे. दप्तर पुढे डोळ्यांसमोर, ओढणी गुंडाळलेली, आणि मागचे कॅरिअर मैत्रिणीसाठी मोकळे.

हा केवळ माझा जिव्हाळा नव्हे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. परिणाम जास्त दिसला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या गावांत. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या.

अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा! आता मुली स्कूटीवर जातात, दूधही मोटारसायकलवरून येते. काळाबरोबर हे व्हायचेच, त्याचे दुःख नाही. पण कुणाच्या अंगणात गंजलेली, एका बाजूला चेपलेली जाळीची टोपली पडलेली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी घरातल्या लेकीसुनांना विचारा, तिच्यातून काय काय नेले होते. त्या जे सांगतील ते लिहून ठेवा. असले कागद कुणी लिहिलेच नाहीत, तर पुढच्या राजवाड्यांना माळ्यावर सापडणार तरी काय?