तारेचे तीन गुण

मैफलींत बसलों म्हणजे आपण गवयाला दाद देतों, तबलजीला देतों, फार झालें तर तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील नक्षीकडे कौतुकानें पाहतों. पण ज्या तारेच्या आधारावर हा सारा प्रपंच उभा असतो तिची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती कोणत्या धातूची, किती जाड, तिच्या जागीं दुसरी लावली असतां गाण्यांत काय फरक पडेल, हे प्रश्न वादकांच्या आणि कारागिरांच्या बोलण्यापुरतेच राहतात. वास्तविक या प्रश्नांना मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग आपल्या महाराष्ट्रांत घडलेला आहे.

तारेकडून वादक तीन गोष्टी मागतो. पहिली स्पर्शाची. तार बोटाला कशी लागते, दाबतांना आणि ओढतांना किती विरोध करते, हें हाताला प्रथम कळतें. दुसरी नादाची. छेडल्यावर जो ध्वनि उमटतो तो भरदार कीं पातळ, गोड कीं कर्कश, हें कान ठरवितो. तिसरी स्थैर्याची. लावलेल्या सुरांत तार किती वेळ राहते, ही परीक्षा मैफलीच्या दुसऱ्या तासाला होते. या तिन्ही मागण्या एकाच तारेकडून सारख्या पुऱ्या होत नाहींत. जी बोटाला हलकी तिचा नाद बहुधा बारीक, जी भरदार ती ओढावयास जड, आणि जिचा नाद मृदु ती हवा पालटतांच उतरते. प्रत्येक काळानें यांपैकीं एखादा गुण पदरांत घेतांना दुसऱ्याकडे थोडी पाठ फिरविली आहे.

तारा एकमेकींशेजारीं ठेवून स्वराचा निर्णय करावा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत दोन सारख्या वीणा घ्यावयास सांगितलें आहे. एक आहे तशी ठेवावयाची आणि दुसरी क्रमाक्रमानें उतरवीत जाऊन श्रुतींचा पडताळा पाहावयाचा, अशी ती रीत आहे. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यानेंही हाच प्रयोग मांडला, पण प्रत्येक वीणेला बावीस तारा कल्पून. सूक्ष्म स्वरभेदाचा निवाडा तारेच्या तोंडूनच करून घ्यावा, हा विश्वास त्यामागें दिसतो.

तात आणि धातूची तार या दोन्ही आपल्या वाद्यांवर नांदत आल्या आहेत. जनावराच्या आंतड्यापासून केलेली तात बोटाला मऊ लागते आणि तिचा नाद मनुष्याच्या कंठाजवळचा असतो. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्या असतात व त्यांखालच्या तरफा धातूच्या, हें पाहिलें म्हणजे जुन्या कारागिरांनीं दोहोंचे गुण कसे वांटून घेतले तें ध्यानांत येतें. परंतु तातीचा मोठा दोष म्हणजे ती हवेंतील ओलावा शोषून घेते. पनवेलसारख्या कोंकणपट्टींतील गांवीं आषाढाच्या झडींत सारंगी सुरांत ठेवणें म्हणजे काय, हें सारंगियालाच ठाऊक! धातूच्या तारेला ओलाव्याची तशी बाधा नाहीं. मात्र लोखंडी तारेला गंज चढतो आणि पितळी तार काळवंडते.

आतां आपल्याकडे चांगलें पोलाद कसें आलें तें पाहूं. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत पियानोचा प्रसार वाढला. त्या वाद्यांतील तारांवर फार मोठा ताण पडतो. जुनी लोखंडी तार तो सोसावयास अपुरी पडूं लागली, तेव्हां अधिक बळकट तारेचा शोध सुरू झाला. बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यानें १८५४ साली पोलादी तारेला ठराविक रीतीनें तापवून व थंड करून तिची ताकद पुष्कळ वाढविण्याची कृति सिद्ध केली. १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशीं जी विद्युत्संदेशाची दोरी टाकली गेली, तिच्या चिलखतासाठीं त्याच कारखान्याची तार वापरली होती. पियानोच्या स्वराला उपयोगी पडलेली विद्या समुद्रतळाच्या कामीं आली, असा हा योग.

मुंबईस उतरणारा विलायती माल देशावर जाण्याचा जुना रस्ता पनवेलवरून होता. मुंबईहून होडीनें पनवेल बंदर गांठावयाचें आणि तेथून गाड्या भरून बोरघाट चढावयाचा, असा तो क्रम. १८३० साली घाटाचा रस्ता गाड्यांसाठीं खुला झाल्यावर या वाहतुकीला भर आला, आणि गाडीचीं चाकें करणारें गांव म्हणूनही पनवेलची ख्याति झाली. १८६३ साली आगगाडी बोरघाट चढूं लागली, तेव्हां मालाची वाट बदलली. परंतु घाटमाथ्यावरील शहरांना दूरचा धातू स्वस्त व सुलभ करून देण्याच्या कामांत पनवेलच्या गाडीवानांचा वाटा विसरतां येणार नाहीं.

घाटावरील ज्या गांवानें तारेचें सोनें केलें तें गांव मिरज. तेथील पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला शिकलगार मंडळी होती. शस्त्रांना धार लावणें आणि तीं निगा राखून ठेवणें हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमलांत तरवारीचें काम संपलें, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनीं सतार-तंबोरा घडविण्यास प्रारंभ केला, असें मिरजेंत परंपरेनें सांगितलें जातें. त्यांच्या घराण्याला पुढें ‘सतारमेकर’ हें आडनांवच पडलें. पंढरपूर, मंगळवेढें या बाजूच्या शेतांत मोठे भोपळे पिकतात, ते सुकवून वाद्याला लावतात. पातीला धार आणणारा हात भोपळ्यावर आणि घोडीवर वळला. बारीक घांसण्याची जी संवय तरवारीनें लाविली होती, ती जवारी काढण्याच्या कामीं पडली.

जवारी हा शब्द आला म्हणून थोडें थांबावेंसें वाटतें. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. ती रुंद आणि अगदीं मंद उताराची असते. तार तिच्यावरून घसरत, तिला हळूच स्पर्श करीत कंप पावते. घोडी आणि तार यांच्यामध्यें सुताचा बारीक धागा सरकवितात, त्याला जीव म्हणतात. तो योग्य जागीं आला कीं तार एकदम उमलल्यासारखी बोलूं लागते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या बिंदूवर तार छेडली जाते तेथें ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो, ते उपस्वर उमटूं नयेत असा यूरोपीय शास्त्राचा नियम होता. तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या रुंद घोडीवर तो नियम लागू पडत नाहीं, हें रामन् यांनीं त्यांत दाखविलें. मिरजेच्या कारागिरानें कानानें जें साधलें होतें, त्याची दखल पदार्थविज्ञानानें घेतली ती अशी.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. जोडीच्या तारा पोलादाच्या आणि खर्जाची पितळेची, ही सामान्य रीत. पुरुषांच्या खालच्या पट्टीच्या तंबोऱ्याला पंचमाची तारही पुष्कळदां पितळेची किंवा काशाची घालतात. अशी वांटणी कां? पितळ पोलादापेक्षां जड असतें म्हणून, असें बहुतेक सांगतात. पण हा फरक शेंकडा आठांच्या आसपासच आहे. खरें कारण ताठपणाचें. पितळेचा ताठपणा पोलादाच्या सुमारें निम्मा असतो. जाड पोलादी तार सैल लावली तर ती तारेसारखी न वागतां सळईसारखी वागूं लागते, आणि तिचे उपस्वर मूळ स्वराशीं नीट जुळत नाहींत. तितकीच जाड पितळी तार लवचिक असल्यानें खर्ज शुद्ध घुमतो. उलट पितळेंत ताण सोसण्याची शक्ति कमी, म्हणून वरच्या सुराला ती चालत नाहीं. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ठराविक लांबीची तार कोणत्या सुरावर तुटेल, हें तिच्या जाडीवर अवलंबून नसतें. धातूच्या बळावर आणि वजनावर असतें. जाड तार घेतली म्हणून वरचा सूर लावतां येत नाहीं.

मिरज-सांगलीच्या परिसरांतच तारेनें आणखी एक वाद पाहिला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. तारेची लांबी मोजून स्वराचें प्रमाण काढावयाचें, आणि त्यासाठीं अब्दुल करीमखाँसाहेबांसारख्या सुरेल गवयाचा गळा प्रमाण धरावयाचा, अशी त्यांची दिशा होती. अर्नेस्ट क्लेमेंट्स या न्यायखात्यांतील इंग्रज अधिकाऱ्यानें त्या कामास हात दिला. त्यांच्या निष्कर्षांवर पुढें पुष्कळ टीका झाली. ती येथें उगाळण्याचें कारण नाहीं. शार्ङ्गदेवानंतर सहाशेंहून अधिक वर्षांनीं तारेला पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें गेलें, हें महत्त्वाचें. खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले होते. वाद्यें दुरुस्त करण्यांत आणि जवारी काढण्यांत त्यांचा स्वतःचा हात होता. तंबोरा मनासारखा लागल्याखेरीज त्यांचें गाणें सुरू होत नसे, असें सांगतात.

सतारीची गोष्ट थोडी निराळी. तेथें तार पडद्यावर आडवी ओढून मींड घ्यावयाची असते, म्हणून स्पर्शाला महत्त्व अधिक. एका पडद्यावरून चार-पांच स्वरांची मींड खेचतांना तारेवरील ताण सुमारें दुपटीपर्यंत वाढतो, आणि हात सोडल्यावर ती पुन्हा मूळ सुरावर यावयास हवी. ही कामगिरी चांगल्या पोलादाखेरीज दुसऱ्या धातूला झेंपत नाहीं. उस्ताद विलायतखाँ यांनीं तर तारांची संख्या कमी करून गायकी अंगाच्या मींडेला मोकळी वाट करून दिली.

हाच झगडा पश्चिमेकडे विजेच्या गिटारवर दिसतो. १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांच्या साहाय्यानें तारेचा कंप विजेंत उतरविला. तेव्हांपासून तारेच्या अंगीं एक नवा गुण लागूं लागला. ती लोहचुंबकाच्या ओढीला बळी पडणारी हवी. निव्वळ पितळी तार त्या यंत्रापुढें मुकी! म्हणून पोलादी गाभ्यावर निकेलचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा वेढा घालण्याची चाल पडली. शुद्ध निकेलचा नाद मऊ, मुलाम्याचा अधिक खणखणीत, आणि न गंजणाऱ्या पोलादाचा सर्वांत तीक्ष्ण, पण बोटाला कांहींसा खरखरीत. १९६२ साली कॅलिफोर्नियांत एर्नी बॉल यांनीं बारीक तारांचे संच विक्रीस काढले. त्यांतील सर्वांत बारीक तार एका इंचाच्या शंभराव्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारें पाव मिलिमीटर जाडीची. ती तरुणांना सहज ओढतां येऊं लागली. पण बोट जरा जोरानें दाबलें तरी तिचा सूर चढतो. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिप्ले यांनीं विजेची गिटार घरोघर ऐकविली, तेव्हां ज्यांनीं तंबोऱ्याच्या चार तारांपलीकडे तारेचा विचार केला नव्हता त्यांनाही ओढलेल्या तारेची गोडी कळली.

स्थैर्याचा मोह मात्र सर्वांत प्रबळ ठरला. पेटीची पट्टी सहसा उतरत नाहीं, म्हणून पेटी घरोघर शिरली. तिच्या ठराविक स्वरांत श्रुतींना जागा नाहीं, या आक्षेपावरून नभोवाणीनें १९४० साली तिला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्यानंतर १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं विजेवर चालणारा तंबोरा बनविला. त्याला तारच नाहीं. तो पावसांत उतरत नाहीं, प्रवासांत फुटत नाहीं, आणि लहानशा बिऱ्हाडांतही मावतो. आतां तर तोच आवाज हातांतल्या दूरध्वनींतूनही निघतो. रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला याचा उपयोग नाहीं असें कोण म्हणेल? ज्या घरांत पांच फुटांचें वाद्य ठेवावयास कोपरा नाहीं, त्या घराला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

तरी हिशेब दुसऱ्या बाजूनेंही मांडला पाहिजे. विद्यार्थी रोज सकाळीं चार तारा लावतो, तेव्हां त्याच्या कानाचा पहिला पाठ तेथेंच होतो. जोडीच्या दोन तारा किंचित् वेगळ्या असल्या म्हणजे त्यांत हेलकावे ऐकूं येतात. त्या जुळत आल्या कीं हेलकावे मंदावतात आणि शेवटीं थांबतात. हा अनुभव सांगून येत नाहीं, हातानें खुंटी पिळून आणि मणी सरकवूनच येतो. गंजलेली जुनी तार कां बोलत नाहीं, नवी तार पहिले कांहीं दिवस कां उतरते, हें ज्याला कळलें त्याला सूर म्हणजे काय याची थोडी अधिक ओळख झाली. जें यंत्र कधींच बेसूर होत नाहीं, तें कान तयार करण्याचें हें काम करीत नाहीं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालें, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मानांकन म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. घोडी घांसून जवारी उघडण्याची विद्या पुस्तकांत उतरत नाहीं. ती बापाच्या शेजारीं बसून मुलगा शिकतो, आणि ती शिकण्यासाठीं त्याला त्या धंद्यावर पोट भरेल असा भरंवसा लागतो. तो भरंवसा सरकारी कागदापेक्षां आपल्यासारखीं संगीतप्रेमी घरेंच देऊं शकतील. यंत्र रियाजाला खुशाल वापरावें. परंतु घरांत एखादा खरा तंबोरा असेल तर त्याची खोळ काढावी, गंजलेल्या तारा बदलाव्या, जाणत्या माणसाकडून जवारी काढून घ्यावी, आणि मुलांच्या हातीं खुंटी द्यावी. पहिल्या दिवशीं तार बेसूर लागेल. तिला सुरांत आणण्यासाठीं जो वेळ जाईल तो संगीताच्या शिक्षणाचाच भाग समजावा.