अंगणात गेलेली शाळा

रोम शहराच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी आपले पहिले ‘मुलांचे घर’ उघडले. बालशिक्षणाच्या इतिहासात ही तारीख आवर्जून सांगितली जाते. मात्र ते घर उघडण्याचे तात्कालिक कारण शिक्षणाचे नव्हते. एका बांधकाम संस्थेने तेथील मोडकळीस आलेल्या चाळी दुरुस्त करून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुले भिंती व जिने खराब करीत. मुलांना एका खोलीत सांभाळले तर इमारत शाबूत राहील, असा तो हिशेब होता. पुष्कळ चांगल्या कार्यांचा उगम असाच व्यवहारी असतो. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

त्या घराचे नियम मॉन्टेसोरीबाईंनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले आहेत. बाईंची साधने आणि पद्धती यांविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते, या नियमांविषयी फारसे नाही. मुलांना फी नव्हती. आईबापांवर मात्र काही बंधने होती. मूल वेळेवर, अंघोळ घालून, स्वच्छ कपड्यांत पाठवायचे. संचालिकेशी आदराने वागायचे व तिला सहकार्य द्यायचे. आईने आठवड्यातून निदान एकदा संचालिकेला भेटावे, मुलाच्या घरच्या वागण्याची हकिगत सांगावी आणि तिचा सल्ला घ्यावा, अशीही योजना होती. संचालिकेचे बिऱ्हाड त्याच इमारतीत असावे, हा बाईंचा आग्रह होता. शिक्षिका आणि आई एकाच जिन्याने ये-जा करू लागल्या की पालकसभेची वाट पाहावी लागत नाही. हे सारे आम्हाला मनापासून पटते. पण जे मूल अस्वच्छ येईल, अथवा ज्याचे आईबाप अनादराने वागतील, त्याला काढून टाकावे, असेही त्याच नियमांत आहे. अपराध आईबापांचा आणि शिक्षा लेकराला, हे काही आमच्या गळी उतरत नाही.

मॉन्टेसोरीबाई स्वतः १९३९ साली मद्रासला आल्या. परंतु त्यांचा विचार त्याआधीच गुजरातमार्गे आपल्याकडे पोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि काही वर्षांतच ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. येथवरचे काम मुख्यतः शहरांतील सुस्थितीतल्या घरांचे होते. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि मग प्रश्नाचे रूपच पालटले.

बोर्डी हे आमच्याच किनाऱ्यावरचे गाव. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. तेथे रोमचा नियम लावला असता तर बालवाडी ओसच पडली असती. पहाटे मजुरीला निघणाऱ्या आईने मुलाला केव्हा न्हाऊ घालायचे? दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. मुलांची अंघोळ, नखे, केस यांपासून तेथे दिवस सुरू होई. मग गाणी, गोष्टी, खेळ. रोममध्ये स्वच्छता ही प्रवेशाची अट होती, बोर्डीत ती पहिला पाठ झाली. शिवाय अंगणात जे चालते ते घरच्यांना दिसतेच. आपल्या नातवाचे केस परक्या, शिकलेल्या बाईने विंचरलेले पाहिले की आजीला निराळा उपदेश करावा लागत नसावा. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे आणि पाने आली.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. येथे आणखी एक अडचण दिसली. थोरली बहीण शाळेत यायची तर कडेवरच्या धाकट्याला सांभाळणार कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफून ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती ‘कुरणशाळा’. मुलीने धाकट्याला आणू नये, मुलाने गुरे सोडून यावे, असे सांगणे सोपे होते. परंतु त्या घरांना ती गुरे आणि ती मुलगी यांची गरज होती. ती गरज ओळखूनच घराशी नाते जुळू शकत होते. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या, अनुताई १९९२ मध्ये. सत्तेचाळीस वर्षे त्यांनी हेच व्रत सांभाळले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. सेविका त्याच गावची असावी, तिने घरोघरी भेटी द्याव्यात, ही अपेक्षा या योजनेत आहे. सान लोरेन्झोच्या जिन्यावरची शिक्षिका ती हीच, असे आम्हाला वाटते; फक्त आता तिच्या हाती पोषण आहार, वजनकाटा आणि नोंदींचा मोठा भार आहे, आणि त्यातून गप्पांना उरणारा वेळ थोडा.

आमच्या धर्मग्रामांतील बालवाड्यांची स्थिती निराळी आहे. इमारती नीटनेटक्या आहेत, मुले धुतलेल्या गणवेशात येतात, आणि आई फाटकाशी थांबते. पालकसभा भरते तेव्हा बाई बोलतात व आया ऐकतात. रोमच्या त्या जुन्या नियमात क्रम उलटा होता: आधी आईने सांगायचे, सल्ला त्यानंतर. येत्या जूनमध्ये वर्ग उघडताच पहिल्या पंधरवड्यात बाईंनी प्रत्येक मुलाच्या घरी एक फेरी मारावी आणि त्या फेरीत केवळ ऐकावे, एवढे आमच्या शाळासमित्यांना सुचवावेसे वाटते. त्या दिवसांत वर्ग तासभर आधी सुटला तरी चालेल.