अंधेरीतला शेवटचा पूर्ण सीझन

पोस्ट लांब आहे. विषय फुटबॉलचा आहे, पण १५ जानेवारीच्या मतदानाशी त्याचा संबंध आहे, तो शेवटी येईल. घाई असेल त्यांनी सरळ शेवटचे दोन परिच्छेद वाचले तरी चालेल.

२६ डिसेंबरला बातमी आली की मँचेस्टर सिटीची मालक कंपनी, सिटी फुटबॉल ग्रुप, मुंबई सिटी एफसीमधून बाहेर पडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. आता क्लब पुन्हा पूर्णपणे मूळ मालकांकडे आला आहे. तेव्हापासून मला दोनच प्रश्न विचारले जाताहेत. क्लब बंद पडणार का? आणि वीरा देसाई रोडच्या मैदानावर आता टॉवर येणार का? दुसरा प्रश्न लोक हसत हसत विचारतात, पण अंधेरीत या विषयावर कोणी नुसतं गमतीने बोलत नाही.

आधी गेल्या सीझनबद्दल. २०२४-२५ हा अंधेरीत पूर्ण खेळला गेलेला शेवटचा सीझन, आणि तो आपण नीट पाहिलाच नाही असं माझं मत आहे. सगळ्यांच्या लक्षात राहिलाय फक्त शेवटचा स्कोअर. २९ मार्च २०२५, कांतीरवा स्टेडियम, बेंगळुरू ५, मुंबई ०. मीम झाले, शिव्या झाल्या, विषय संपला.

पण त्या पाच गोलांची नावं बघा. सुरेश, मेंडेझ, विल्यम्स, छेत्री, परेरा डियाझ. यातला एक, डियाझ, त्याच्या आदल्या वर्षी आपल्या आकाशी जर्सीत होता. ४ मे २०२४ ला कोलकात्यात साठ हजारांच्या गर्दीसमोर मोहन बागानला ३-१ हरवून आपण कप जिंकलो, त्यात बरोबरीचा गोल डियाझचा होता. नंतर बिपिन सिंगने आघाडी दिली आणि भरपाईच्या वेळेत वोइटुशने तिसरा घातला. कप उचलणारा कर्णधार राहुल भेके, आपल्या मुंबईचा पोरगा. तो उन्हाळा सरेपर्यंत डियाझ बेंगळुरूला, नोगेरा बेंगळुरूला, भेकेही बेंगळुरूला आणि मधल्या फळीचा कणा असलेला आपुइया मोहन बागानला गेला. म्हणजे मार्चमधल्या त्या रात्री आपण निम्मे आपल्याच माणसांकडून हरलो. पडझडीची सुरुवात शोधायची तर ती मार्च २०२५ मध्ये नाही, कप जिंकल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत सापडते.

आकडे तेच सांगतात. २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ५४ गोल आणि ४६ गुण. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत ४२ गोल, ४७ गुण. २०२४-२५ मध्ये २४ सामने आणि गोल फक्त २९, गुण ३६, सहावा नंबर. नऊ जिंकले, नऊ बरोबरीत, सहा हरले. बचाव वाईट होता असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे की सामने गोल खाल्ल्यामुळे कमी आणि गोल न केल्यामुळे जास्त हातचे गेले. सुरुवातीला हे कळलं नाही, कारण पहिल्याच सामन्यात मोहन बागानच्या मैदानावर दोन गोलांनी मागे असताना आपण २-२ करून आलो. तिरीने आधी स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला आणि नंतर समोरच्या जाळ्यात घालून हिशेब फेडला. वाटलं, चला, कणा शाबूत आहे. मग नोव्हेंबरात पंजाबने अंधेरीत येऊन ३-० केलं, डिसेंबरच्या शेवटी नॉर्थईस्टनेही तेच केलं. कारेलिस मन लावून खेळला, छांगटे धावत राहिला, पण उजवीकडून छांगटेने आणलेला चेंडू ज्याच्या पायावर पडायचा तो माणूसच संघात नव्हता. शेवटच्या सामन्यापर्यंत सहाव्या जागेचं नक्की नव्हतं. ११ मार्चला बेंगळुरूत २-० जिंकून ती पदरात पडली, आणि अठरा दिवसांनी त्याच मैदानावर ते पाच झाले.

प्रशिक्षक पेट्र क्रात्कीला हाकला म्हणणारे तेव्हा बरेच होते. मी त्यात नव्हतो. याच माणसाने २०२३-२४ मध्ये, डेस बकिंगहॅम ऐन सीझनमध्ये ऑक्सफर्डला निघून गेल्यावर, सूत्रं हातात घेऊन कप आणला होता. संघ विस्कटला तो बाजारात. आणि विस्कटण्याचं कारण मला तरी साधं दिसतं. ज्या लीगचं पुढच्या वर्षी काय होणार हे कोणालाच सांगता येत नाही, त्या लीगमध्ये मालक तीन वर्षांचा विचार करून पैसे लावत नाहीत.

ही भीती खरी ठरली. फुटबॉल महासंघ आणि रिलायन्सच्या कंपनीचा करार डिसेंबर २०१० चा, पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा. तो संपणार हे २०१० पासून कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. तरीही जुलै २०२५ मध्ये क्लबांना कळवलं गेलं की सीझन स्थगित. मग सुप्रीम कोर्ट, मग निविदा, आणि नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. एकही नाही! ८ डिसेंबरला करार संपला, २६ ला मँचेस्टरवाले गेले. डिसेंबर २०२५ संपेपर्यंत लीगची तारीख जाहीर झालेली नव्हती.

मुंबईला हे नवीन नाही, म्हणून थोडा मागचा इतिहास. रोव्हर्स कप या शहरात १८९१ पासून खेळला गेला आणि २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच मोडीत काढला. मुंबई एफसी २००७ साली निघाला, २०१७ मध्ये गुंडाळला. त्या मुंबई एफसीला कमी पैशांत वर्षानुवर्षं तगवून धरणारा खालिद जमील आज भारताचा प्रशिक्षक आहे, आणि भेकेही तिथूनच वर आला. प्रत्येक वेळी गोष्ट सारखीच. मालकाचं मन उडालं की क्लब गेला. गिरणी बंद पडली की चाळ उरते, पण फुटबॉल क्लब बंद पडला की मागे काही उरतच नाही, कारण मैदान त्याचं कधी नसतंच.

अंधेरीचं मैदान तर मुळीच नाही. शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल महापालिकेचं आहे. फुटबॉलवाल्यांसाठी ते मुंबई फुटबॉल अरीना, रिक्षावाल्यासाठी आजही नुसतं ‘स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’. १ नोव्हेंबर १९९६ ला इथेच मायकल जॅक्सन नाचला, आणि त्या कार्यक्रमाला करमणूक कर माफ करण्यावरून कोर्टकचेरी पुढे कित्येक वर्षं चालली. सार्वजनिक मैदान कोणाला, कशासाठी, किती सवलतीत द्यायचं हा वाद इथे फुटबॉलच्याही आधीपासून आहे.

मुंबई सिटी इथे आली २०१६ मध्ये. त्याच सप्टेंबरात भारताने इथे पोर्तो रिकोला ४-१ हरवलं, फोर्लान त्याच वर्षी आपल्याकडून खेळला. मग जून २०१८. चायनीज तैपेईविरुद्ध ५-० जिंकूनही प्रेक्षक अधिकृत आकड्याप्रमाणे २,५६९, आणि दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले की हवं तर शिव्या द्यायला या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, धो धो पावसात मैदान भरलं. आझाद नगर मेट्रोपासून चालत येणारी ती भिजलेली गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना मुंबईत फुटबॉल चालत नाही हे कोणी पटवू शकणार नाही.

आता एक गोष्ट जी मला अलीकडेच, जुन्या तारखा जुळवताना, जाणवली. मुंबई सिटीने चार मोठ्या ट्रॉफ्या जिंकल्या. २०२१ ची शील्ड आणि कप, दोन्ही गोव्यात, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. २०२३ ची शील्ड गोव्यातच, फातोर्ड्याला, गोव्याला ५-३ हरवून पक्की झाली. २०२४ चा कप कोलकात्यात. अंधेरीत एकही नाही. आयएसएलचा कप या मैदानावर उचलला गेला तो एकदाच, १७ मार्च २०१९ ला, तोही बेंगळुरूने. निर्णायक गोल जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला. कोणाचा? राहुल भेकेचा. आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने आले तेव्हा घरचं मैदान म्हणून आपण पुण्याला बालेवाडीला गेलो, आणि अल हिलाल आलं ते नेरूळला. (नेमार येणार म्हणून तिकिटं काढलेल्यांचं दुःख वेगळं, तो आधीच जखमी झाला होता.) नऊ वर्षांत अंधेरीने क्लबला घर दिलं, पण ते सात-आठ हजार खुर्च्यांचं. मोठा सोहळा नेहमी दुसरीकडे झाला.

म्हणून मला ‘क्लब बंद पडणार का’ यापेक्षा ‘मैदानाचं काय’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. क्लबचा निर्णय मालक घेतील, आपल्याला विचारणार नाहीत. मैदानाचा निर्णय मात्र आपल्या पैशांवर चालणारी महापालिका घेणार आहे. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत मुंबईत नगरसेवकच नव्हते. म्हणजे चॅम्पियन्स लीगमधल्या आपल्या पहिल्या विजयापासून त्या पाच गोलांपर्यंत जे काही झालं, त्या सगळ्या काळात या मैदानाबद्दल सभागृहात प्रश्न विचारणारा आपला माणूस तिथे नव्हता. मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं.

अंधेरी पश्चिमेत जो उमेदवार दारात येईल त्याला तीन गोष्टी विचारा. क्लबचे सामने नसताना वर्षात किती दिवस हे गवत स्थानिक शाळा आणि छोट्या क्लबांच्या मुलामुलींना मिळणार, आणि किती भाड्यात? मैदानाचे करार वॉर्डातल्या कोणालाही वाचता येतील असे वेबसाइटवर टाकणार का? आणि उद्या लीगच नसेल तर या जागेचा वापर बदलण्याचा प्रस्ताव आला, तर तुमचं मत कुठल्या बाजूला? ‘खेळाला प्रोत्साहन देऊ’ हे उत्तर धरायचं नाही, दिवस आणि आकडा सांगा म्हणायचं. कोणी खरंच आकडा सांगितला तर वॉर्ड नंबरसकट इथे खाली टाका, मी यादी करतोय.