अश्व छायाचित्रण

अश्व छायाचित्रण म्हणजे घोड्याची शरीररचना, चाल व स्वभाव यथार्थपणे दर्शविणारी छायाचित्रे घेण्याचे तंत्र व कला होय. शर्यती, घोड्यांची खरेदी-विक्री आणि प्राणिचित्रण या क्षेत्रांत तिचा उपयोग होतो.

इतिहास

चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी जमिनीपासून सुटतात काय, हा एकोणिसाव्या शतकात वादाचा विषय होता. लेलंड स्टॅनफर्ड यांच्या आर्थिक साहाय्याने एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडून या प्रश्नाचा निकाल लावला. पाय अधांतरी असतात हे खरे ठरले. मात्र तो क्षण पाय पोटाखाली एकवटलेले असताना येतो, असे दिसून आले. जेरिको यांच्या १८२१ मधील 'एप्सम डर्बी' या चित्राप्रमाणे पाय पुढे-मागे ताणलेले दाखविण्याची चित्रकारांची रूढी त्यामुळे चुकीची ठरली.

उभ्या घोड्याचे चित्रण

विस्तृत कोनाच्या भिंगाने जवळून छायाचित्र घेतल्यास डोके अवास्तव मोठे व मागचा भाग आखूड दिसतो. म्हणून काही अंतरावरून, लांब नाभीय अंतराच्या भिंगाने चित्रण करतात. कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीवर धरतात. तो वर धरल्यास पाय आखूड भासतात. जमीन सपाट असावी, चारही पाय स्वतंत्रपणे दिसावेत आणि कान पुढे वळलेले असावेत. मारवाडी व काठियावाडी घोड्यांच्या आत वळलेल्या कानांचे वैशिष्ट्य अशाच वेळी स्पष्ट होते.

प्रकाश व गती

सकाळचा व सायंकाळचा तिरपा प्रकाश स्नायूंचा उठाव दाखवितो. काळ्या घोड्याच्या बाबतीत कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चित्र फिकट करतो, तर पांढऱ्याच्या बाबतीत काळपट. त्यानुसार प्रकाशाचे प्रमाण अनुक्रमे कमी वा अधिक करावे लागते. धावता घोडा सुस्पष्ट टिपण्यासाठी सेकंदाचा सुमारे १/१००० भाग इतका अल्प काळ पडदा उघडा ठेवतात.

सुरक्षितता

डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे घोड्याला थेट मागचे व कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. मागून अचानक जवळ गेल्यास तो दचकून लाथ मारू शकतो. मागे दाबलेले कान राग वा अस्वस्थता दर्शवितात. अशा वेळी चित्रण थांबवितात. प्रखर झोतदिव्याचा अचानक वापरही टाळतात.

विक्रीसाठी छायाचित्रे

महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. परंपरेने ग्राहक घोड्याच्या अंगावरील भोवरे, पंचकल्याणीसारख्या पांढऱ्या खुणा आणि पायांची ठेवण पारखून घेतात. त्यामुळे विक्रीच्या छायाचित्रांत दोन्ही बाजू, समोरचा व मागचा भाग आणि खूर दाखविणे आवश्यक ठरते. उंच गवतात उभ्या केलेल्या घोड्याचे चित्र आकर्षक असले, तरी त्यात खूर व पायांतील दोष झाकले जातात. लंगडेपणा स्थिरचित्रात ओळखणे कठीण असल्याने छायाचित्र प्रत्यक्ष चाल पाहण्याला पर्याय ठरत नाही.